लॉकेनहाउस: किल्ला नंतर बघा, आधी तालमीला बसा

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना जावं की नाही एवढंच हवंय त्यांना पुढचं सगळं वाचत बसायला नको. जा. जुलैच्या सुरुवातीला व्हिएन्नाच्या आसपास असाल तर लॉकेनहाउसच्या चेंबर म्युझिक फेस्टिवलला जाच. चेंबर म्युझिक म्हणजे मोठा ऑर्केस्ट्रा नाही, कंडक्टर नाही, मोजक्या चार-पाच वादकांनी मिळून वाजवायचं वेस्टर्न क्लासिकल. फक्त किल्ल्यात मैफल, मशाली, राजेशाही थाट असलं काहीतरी डोक्यात घेऊन जाऊ नका, आणि संध्याकाळचं एक तिकीट काढून रात्री परत असंही करू नका. सकाळी पोचा आणि वादकांच्या तालमीला बसा. पैसे खरे तिथे वसूल होतात, संध्याकाळची मैफल त्याच्यावरचं व्याज.

गाव कुठे आहे ते सांगतो. ऑस्ट्रियाच्या पूर्वेला बुर्गेनलांड म्हणून लांबुळकं राज्य आहे, तिथे, हंगेरीची बॉर्डर इतकी जवळ की मोबाइल मध्येच हंगेरियन नेटवर्क पकडतो. 1921 पर्यंत हा सगळा पट्टा हंगेरीतच होता. व्हिएन्नाहून गाडीने सव्वाशे किलोमीटरच्या आत, एस 31 हायवेने आयझेनश्टाट सोडून खाली खाली जायचं, मग हायवे संपतो आणि द्राक्षांचे मळे, मका, जंगल. पब्लिक ट्रान्सपोर्टने बस आहे पण रात्रीची मैफल संपल्यावर परतीचं काही मिळेल या भरवशावर अजिबात राहू नका. गाडी तरी हवी नाहीतर मुक्काम तरी.

गाडीने जाणार असाल तर आयझेनश्टाटला दोन तास थांबा, कारण हे सगळं प्रकरण एका अर्थी तिथूनच सुरू होतं. एस्टरहाझी घराण्याचा राजवाडा आहे, हायडन हा संगीतकार 1761 पासून यांच्या पदरी नोकरीला होता आणि स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनचाच जरा मोठा भाऊ), एक चेलो (त्याहून मोठा, गुडघ्यांत धरून वाजवायचा) हा जो प्रकार आज जगभर वाजतो तो खऱ्या अर्थाने उभा केला तो यानेच. राजवाड्यातला हायडन हॉल बघा, लाकडी जमीन आहे, टाळी वाजवून बघितली तर कळतं आवाज काय सुंदर फिरतो ते. हायडनची समाधी पण याच गावात आहे, आणि तो गेल्यावर 1809 मध्ये त्याची कवटी चोरीला गेली होती ती 1954 मध्ये परत धडाला भेटली, मधल्या काळात दुसऱ्याच कुणाची तरी कवटी ठेवलेली होती, तीही आत तशीच आहे. म्हणजे आता आत दोन कवट्या. बाबा हे ऐकून पुढचा अर्धा तास हसत होते.

तर बाबा. बाबा मिरजेचे, रेल्वेतून रिटायर, उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. शॉनब्रुन झालं, स्टीफन्सडोम झालं, डोनाउवर बोट झाली, त्यात त्यांना फार काही इंटरेस्ट दिसला नाही. संगीतात मात्र कान पक्का, लहानपणापासून दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाच्या संगीत सभेला रात्र रात्र बसलेला माणूस. वेस्टर्न शून्य. मी पण फार नाही, पाच-सहा वर्षांत इकडे तिकडे ऐकून जेवढं झालं तेवढंच, त्यामुळे हे जाणकाराचं समीक्षण वगैरे समजू नका.

फेस्टिवल नवीन नाही. 1981 मध्ये गिडॉन क्रेमर या रीगाच्या व्हायोलिनवादकाने सुरू केलं, तेही गावच्या चर्चचे फादर योझेफ हेरोवित्श यांना सोबत घेऊन. कल्पना अशी होती की मोठमोठ्या वादकांनी तयार प्रोग्रॅम घेऊन येऊन वाजवून निघून जायचं नाही, इथे येऊन राहायचं, एकमेकांबरोबर कधी वाजवलं नसेल तर उत्तमच, इथेच तालीम करायची आणि जे तयार होईल ते त्या आठवड्यात वाजवायचं. त्यामुळे कुठल्या संध्याकाळी काय वाजणार हे आयत्या वेळेपर्यंत ठरलेलं नसायचं, आणि ही सवय थोडीफार अजून टिकून आहे, तिकीट काढताना सगळा मेन्यू समोर हवा अशा लोकांना याचा त्रास होईल. मला नाही झाला. सवाईला आपण तरी कुठला राग ऐकायला मिळणार हे विचारून तिकीट काढतो का?

क्रेमरने 2011 पर्यंत चालवलं, 2012 पासून निकोलास आल्टश्टेट हा चेलोवादक बघतो. क्रेमरच्या काळात इथे विसरले गेलेले संगीतकार पण बरेच वाजले, उदाहरणार्थ एर्विन शुल्हॉफ, प्रागचा ज्यू माणूस, 1942 मध्ये नाझींच्या छावणीत गेला आणि नंतर कित्येक वर्षं त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. इथली काही रेकॉर्डिंग ईसीएम लेबलने ‘एडिशन लॉकेनहाउस’ नावाने काढली आहेत. जायच्या आधी गाडीत लावा, बरं असतं.

आता किल्ला. किल्ला खरंच जुना आहे, साधारण 1200 च्या सुमाराचा, गावाच्या डोक्यावर टेकडीवर. आपल्या सह्याद्रीतल्या किल्ल्यांची सवय असलेल्यांना चढ म्हणजे काहीच नाही पण गुडघेदुखीवाल्या ज्येष्ठांना खालून चालत नेऊ नका, गाडी जेवढी वर जाईल तेवढी न्या. आतला रिटरझाल म्हणजे सरदारांचा दिवाणखाना बघण्यासारखा, मधोमध अष्टकोनी खांबांची रांग आणि वर गॉथिक कमानींचं छत. आणखी एक खोली आहे जमिनीखाली, दोन्ही टोकांना अर्धगोल, वरून एका भोकातून उजेड पडतो, ती नक्की कशासाठी होती यावर भरपूर गोष्टी सांगतात, टेम्पलर सरदार, गुप्त विधी वगैरे, पुरावा कशालाच नाही. रक्तपिपासू म्हणून बदनाम असलेली एर्झेबेत बाथोरी, तिच्या सासरचा म्हणजे नादाश्दी घराण्याचा हा किल्ला, त्यामुळे तिचं नाव पण इथे आपसूक येतंच. 1676 पासून एस्टरहाझींकडे, म्हणजे हायडनच्या मालकांकडे. पुढे पार पडझड झाली होती, 1968 मध्ये पाउल आंटोन केलर नावाच्या एका लेखकाने विकत घेऊन दुरुस्त करायला काढला. लेखकाने किल्ला विकत घेतला हे वाचून मला दोन मिनिटं काही सुचेना. आपल्याकडे लेखकाला टू बीएचके होत नाही.

पण, आणि हे कुणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगतो, मोठ्या मैफली बऱ्याचशा किल्ल्यात होतच नाहीत, खाली गावातल्या चर्चमध्ये होतात. सतराव्या शतकातलं बरोक चर्च आहे, नादाश्दींनीच बांधलेलं, खाली तळघरात त्यांच्या शवपेट्या आहेत, त्यातल्या एकाचं तर राजद्रोहासाठी 1671 मध्ये व्हिएन्नात डोकं उडवलं होतं. म्हणजे तुम्ही वर बसून मोझार्ट ऐकताय आणि खाली ही मंडळी. ज्यांनी घरी ‘किल्ल्यातली मैफल’ असं सांगून ठेवलंय त्यांचा थोडा हिरमोड होईल, माझाही झाला, पण ऐकायला बसल्यावर कळलं की चर्चच बरं आहे. आवाज दगडातून गोल फिरून येतो, संथ वाजत असेल तेव्हा एका व्हायोलिनचा सूर पूर्ण घुमटभर होतो. तोटा पण तोच, जलद वाजायला लागलं की मागच्या बाकांवर सगळं एकमेकांत मिसळतं, म्हणून पुढच्या सात-आठ रांगांतलंच तिकीट बघा, थोडे पैसे जास्त गेले तरी. आणि बाक लाकडी, चर्चचेच. उशी न्या. खरंच न्या, तिथले रेग्युलर लोक बगलेत उशी मारूनच येतात, त्यावरून नवा कोण ते लगेच ओळखू येतं.

आता मुद्द्याचं. तालमी लोकांना खुल्या ठेवायची इथली जुनी पद्धत आहे. सकाळी जाऊन कुठली तालीम कुठे आहे ते विचारायचं आणि गप्प जाऊन मागे बसायचं. आम्ही बसलो ती शुबर्ट या व्हिएन्नाच्या संगीतकाराच्या स्ट्रिंग क्विंटेटची निघाली. हे त्याने 1828 मध्ये शेवटच्या काही महिन्यांत लिहिलं, वय 31, आणि नोव्हेंबरात गेला, जाहीर वाजलं ते थेट 1850 मध्ये, म्हणजे स्वतः त्याने हे मैफलीत कधी ऐकलंच नाही. नेहमीच्या चौघांत याने एक चेलो जास्तीचा घातलाय. दुसऱ्या भागात काय होतं की मधले तिघे एकदम लांब, हळू सूर धरून बसतात, इतके हळू की श्वास कुठे घ्यायचा ते ऐकणाऱ्याला कळत नाही, वर पहिला व्हायोलिन अगदी तुटक दोन-चार स्वर टाकतो आणि खाली दुसरा चेलोवाला बो म्हणजे गज न लावता नुसती बोटाने तार छेडतो. टुम. परत टुम.

तर तालमीत ते पाचजण या छेडण्यावरच अडले. चेलोवाली बाई तिशीची असेल, तिने एकदा बोटाच्या मांसल भागाने छेडलं, मग थोडं टोकाने, मग हात वर सरकवून फिंगरबोर्डाच्या मधोमध, मग परत खाली. प्रत्येक वेळी बाकीचे चौघे तो एकच सूर धरून थांबायचे, मान हलवायचे, कुणी म्हणे लवकर विरतंय, कुणी म्हणे आता फारच गोड झालं, जर्मन आणि इंग्लिशची खिचडी चालू. पहिला व्हायोलिनवाला सरळ उठून चर्चच्या मागच्या टोकाला आमच्या बाकाशी येऊन उभा राहिला, ऐकलं, तिथूनच ओरडून सांगितलं की इथे पोचतच नाहीये, परत गेला. मला वाटलं बाबा कंटाळले असतील. बाबा पुढे सरकून बसलेले. मला हळूच म्हणाले, “जवारी काढतायत रे हे.” मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवत कारागीर अख्खी सकाळ घालवतो, तो आवाज उघडेपर्यंत, ते बघत मोठा झालेला माणूस, त्याला भाषा लागलीच नाही. त्यानंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही, उलट तेच मला सांगत होते की बघ आता व्हायोलावाला उगाच पुढे येतोय.

मधे एक भाग येतो, एकदम खवळलेला, आणि मग ते पहिलं संथ परत येतं पण यावेळी तो दुसरा चेलो नुसता टुम टुम करत नाही, खालून बारीक जलद धावत राहतो, जणू त्या मधल्या वादळातलं काहीतरी अजून शिल्लक आहे. हे मी आधी हेडफोनवर अनेकदा ऐकलं होतं आणि कधी लक्षातच आलं नव्हतं. तालमीत त्यांनी ते चार वेळा तोडून वाजवलं तेव्हा दिसलं. मग संध्याकाळी तेच सलग वाजताना आम्हाला दोघांनाही प्रत्येक जागा माहीत होती, आता इथे ती हात वर नेणार, आता इथे पाचही जण एकदम श्वास घेणार. पाचही जण खरंच नाकाने श्वास घेतात बरं का, ऐकू येतो, तोच त्यांचा इशारा, कंडक्टर नसतो ना. तिकिटाचे पैसे मी मनात तालमीच्या खात्यात टाकले.

टाळ्यांचं सांगून ठेवतो कारण आपल्या लोकांची इथे पंचाईत होते. एक रचना म्हणजे तीन-चार भाग, मधे थांबले तरी टाळी नाही, सगळं संपल्यावरच. “वा”, “क्या बात है” तर सोडाच. बाबांनी एकदा अगदी हळू “हा!” केलं तर पुढच्या आजीबाईंनी पूर्ण वळून बघितलं, नंतर इंटरव्हलला त्याच आजीबाईंनी स्वतःहून येऊन विचारलं की तुम्हाला नेमकी कुठली जागा आवडली, आणि दोघांना एकमेकांची भाषा येत नसताना बोटाने हवेत सूर काढून दाखवत बसले. मी कॉफी आणायला गेलो.

त्याच संध्याकाळी हायडनचा एक क्वार्टेट होता, 1781 चा, ओपस 33 या संचातला दुसरा, ज्याला जोक असंच नाव पडलंय. शेवटच्या भागात हायडन ती चाल तुकडे तुकडे करून वाजवायला लावतो, मधे थांबा, परत तुकडा, परत थांबा, आता संपलं वाटतं तोवर परत सुरू. आणि खरंच संपतं ते सुरुवातीचाच तुकडा हळूच वाजवून, वाक्य अर्धवट सोडल्यासारखं. कधी टाळी वाजवायची हे ज्यांना पाठ आहे अशा शिस्तीच्या प्रेक्षकांत तीन ठिकाणी टाळ्या फुटल्या आणि दाबल्या गेल्या, आणि खरं संपलं तेव्हा कुणीच वाजवेना. चौघे वादक बो हवेत धरून गालात हसत बसलेले. सव्वादोनशे वर्षांहून जुनी चेष्टा आणि अजून लागू पडते, कमाल आहे.

सगळंच आवडलं असं नाही. कुर्टागचं काहीतरी होतं, हंगेरियन संगीतकार, त्याचे तुकडे एवढेसे, काही तर मिनिटभराचे पण नाहीत, सूर लागतो न लागतो तोच संपतं. माझ्या डोक्यावरून गेलं. बाबा म्हणाले आलापाचा पहिला सा लावून गवई उठून गेला असं वाटतंय. शेजारचा मुलगा मात्र डोळे मिटून असा बसला होता की मला वाटलं चूक माझ्याच कानाची असणार. शिवाय त्या एका संध्याकाळी तीन अगदी वेगळ्या काळातल्या गोष्टी एकामागोमाग एक, पचायला जड जातं, शुबर्टनंतर मला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं आणि अजून एक पीस बाकी होता. हा क्रम कुणी का लावला ते मला नाही कळलं. आपल्याकडे भैरवीनंतर कुणी काही गात नाही, हे यांना पण कुणीतरी सांगायला हवं.

खायचं. गाव छोटं आहे, मैफलीनंतर किचन चालू असेल असं धरून चालू नका, संध्याकाळी लवकर जेवून घ्या. व्हेज लोकांनी बोनेनश्ट्रुडल शोधा, बुर्गेनलांडचा खास पदार्थ, पातळ पिठाच्या पापुद्र्यात बीन्सचं सारण, तिखट नसतो पण पोटभर होतो, एवढं विचारून घ्या की आत बेकन घातलाय का, काही ठिकाणी घालतात. बाबांनी डब्यातली शेंगदाण्याची चटणी काढून त्याच्यावर घातली आणि मग तो छानच झाला. वाइन पिणाऱ्यांसाठी हा ब्लाउफ्रेंकिशचा इलाका आहे, रेड, जरा आंबटसर, स्थानिक, आणि व्हिएन्नापेक्षा स्वस्त.

राहायला आम्ही जरा बाहेर एका पेन्शनमध्ये म्हणजे छोट्या गेस्ट हाउसमध्ये उतरलो होतो, नाव देत नाही, बुकिंग करताना एसी लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात टेबलफॅन निघाला, जुलैत 34 डिग्रीत रात्री झोप नाही. रूम बुक करताना फोन करून विचारा. किल्ल्यात राहायची पण सोय आहे, पण फेस्टिवलच्या दिवसांत उशिरा शोधलं तर मिळणं कठीण, वसंतातच बघून ठेवा.

मुलांना न्यायचं का असं कुणी विचारलं होतं. संध्याकाळच्या मैफलीला आठ-दहा वर्षांखालच्यांना नको, दीड-दोन तास हलायचं नाही, चुळबुळ केली तरी लोक बघतात. तालमीला मात्र न्या, अर्ध्यात उठून बाहेर पडता येतं, आणि मोठी माणसं चुकतात, थांबतात, परत वाजवतात, एकमेकांवर वैतागतात हे पोरांना बघायला फार आवडतं. क्लासला जाणारं पोर असेल तर जास्तच.

तिकिटाचं एक: एका दिवसाचं काढण्यापेक्षा सलग दोन दिवसांचं बघा, पहिल्या दिवशी सकाळी ज्याची तालीम ऐकाल ते कधीकधी दुसऱ्या दिवशी वाजतं. मधली दुपार मोकळी ठेवून किल्ला तेव्हा बघा, उन्हात वर गर्दी नसते आणि त्या जमिनीखालच्या खोलीत छान गार असतं.